कांचनचं लॅटिन

त्र्यंबकरावांनी अंगातला कोटही न काढता कांचनच्या हातातलं लॅटिनचं पुस्तक ओढून घेतलं आणि किचन काउंटरवर आपटलं.

"सगळ्या गावासमोर शोभा केलीस माझी!"

नोव्हाय गावच्या शाळेत अमेरिकेच्या राज्यघटनेच्या द्विशताब्दीनिमित्त कांचनचं भाषण होतं. अमेरिकेचे पहिले पुढारी पोरवयात लॅटिन-ग्रीक कसं घोकत, त्याशिवाय कॉलेजात प्रवेश कसा मिळत नसे, असा विषय. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिथवर सगळं छान होतं. मग कुणीतरी विचारलं, पुढे काय शिकणार, आणि पोरगी बिनदिक्कत माइकवर म्हणाली, "लॅटिन!" शाळेनंतर थेट मेडिकलची जागा हातात असताना! होकार कळवायची मुदत उद्या संपत होती.

एरवी त्र्यंबकराव भडकले की इंग्रजीत जात. आज मराठीतच होते, म्हणजे प्रकरण फारच तापलं होतं.

"जुनी भाषाच हवी होती तर संस्कृत काय वाईट होतं? दर रविवारी बेसमेंटमध्ये लोकांच्या पोरांना शिकवतो मी. माझी मुलगी तिकडे फिरकत नाही!"

"आय वॉन्टेड टू. तुम्हीच हाकललंत मला."

"मी? काहीतरी बरळू नकोस."

"अतुलदादाच्या मुंजीत. कानात मंत्र सांगायला तुम्ही दोघांनी डोक्यावरून शेला घेतलात. मी आत शिरत होते. तुम्ही म्हणालात, तू नको, जा, आईला मदत कर."

सुमित्राबाई पोळ्यांचा डबा उघडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अगं, रीत आहे ती!" त्र्यंबकराव जरा अडखळले, मग त्यांना मुद्दा सापडला. "आणि तुझ्या त्या थोर पुढाऱ्यांनी तरी लेकींना शिकवलं का लॅटिन?"

"मोस्टली, नो. मुलग्यांना लॅटिन, मुलींना शिवणकाम. भाषणात सांगितलं मी. तुम्ही तेव्हा एकनाथकाकांशी गप्पा मारत होतात."

"मग झालं तर! ते आणि मी सारखेच."

"हो. पण ते मेलेत, बाबा."

त्र्यंबकरावांशी या घरात असं कुणी बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पण खुर्ची ओढून ते खाली बसले.

"बस इथं. आत्ता सांगतो मंत्र."

"आता नको."

"मग काय पाहिजे काय तुला?"

"मेडिकलवाल्यांना नाही म्हणा. तुम्ही स्वतः."

"उद्याचं उद्या बघू."

सुमित्राबाईंनी भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर काढला आणि वायर ताणून नवऱ्यापुढे धरला.

"उद्या कशाला? त्यांच्या ऑफिसात निरोप टेप करणारं मशीन असतं ना? आत्ताच सांगून ठेवा."

"नंबर शोधावा लागेल."

"पाठ आहे तुम्हाला. महिनाभर तिथंच फोन करताय."

बाई काही हलेनात. शेवटी त्र्यंबकराव उठले आणि त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे मशीननं आधी आपलं सगळं बोलून घेतलं, मग त्यांची पाळी आली. "माझी मुलगी येत नाही," ते म्हणाले, "तिला लॅटिन शिकायचंय."