षटकोनाचं वळण

माझी नणंद, म्हणजे ताई, आणि मी एकाच शाळेत गणित शिकवतो. मागच्या वर्षी भूमितीच्या उजळणीसाठी मी खजिनाशोधाचा खेळ रचला. एक कोडं सोडवायचं, की पुढची चिठ्ठी कुठे लपवलीय ते कळतं. मुलं खूश. आणि बक्षीस कुणाला? ताईंना! घरी आल्या, चहा प्यायल्या, कपाटातल्या माझ्या चिठ्ठ्या पिशवीत घातल्या आणि माझ्या आधी शाळेत स्वतःच्या म्हणून मिरवल्या. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, घरातलंच आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदा आमच्यापैकी एकीला विभागप्रमुख करणार होते. निर्णय तपासनीस साहेबांच्या हातात. मला ती खुर्ची हवी होती, पण त्याहून जास्त ताईंची जिरवायची होती. मी नवा खेळ लिहिला, खजिना शाळेच्या मैदानात आधीच पुरून आले, चिठ्ठ्या त्याच कपाटात ठेवल्या आणि उत्तरं पर्समध्ये. रविवारी ताई आल्या. चिठ्ठ्या गेल्या.

तपासणीच्या दिवशी ताईंनी अख्खा वर्ग मैदानात काढला. शेवटची चिठ्ठी होती: 'झेंड्याच्या खांबापासून फाटकाच्या दिशेने निघा, डावीकडे वळत सुसम षटकोन चाला, प्रत्येक बाजू दहा पावलं. चौथ्या कोपऱ्यावर खजिना.' ताईंनी ऐटीत सांगितलं, "षटकोनाचा कोन एकशेवीस अंशांचा. प्रत्येक कोपऱ्यावर तेवढं वळा!"

झालं! फळ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाची चूक. एकशेवीस हा आतला कोन. चालताना वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, साठ अंश. मुलं दहा पावलं चालली, वळली, चालली, वळली, चालली आणि पुन्हा खांबापाशी! षटकोन कसला, त्रिकोण झाला. ताईंनी पुन्हा चालायला लावलं. पुन्हा खांब. मुलं खो खो हसायला लागली. मी ओठ चावत उभी.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. "कोडं सुरेख आहे. बाई, तुम्हालाच कसं सुटत नाही?"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "खरं सांगते सर, खेळ हिचा आहे. हिलाच विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचा? खरंच?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर खुर्ची माझी होती. मला ते स्पष्ट कळत होतं. पण वर्षभर गिळलेलं सगळं घशाशी आलं.

"छे हो सर! ताईंचाच आहे. मागच्या वर्षी अशाच खेळाचं बक्षीस मिळालंय ना त्यांना."

ताई मान खाली घालून उभ्या राहिल्या. पद दुसऱ्या शाळेतून आलेल्या एका पोरगेल्या मास्तरला मिळालं. आता आम्ही दोघी त्याच्याकडे रजा मागतो. नवरा म्हणतो, "वेडी आहेस तू." असेन. पण ताईंचा तो चेहरा आठवला, की मला अजून दोन घास जास्त जातात.