घड्याळजीचे भिंग आणि धारवाल्याचा फोटो

मित्रांनो, मला ओळखणारे आता फार थोडे उरले आहेत, म्हणून आधी ओळख सांगते. मी एक जुने भिंग आहे. मुंग्या बघायला मुले हातात धरतात तसले नव्हे हं! मी घड्याळजींच्या उजव्या डोळ्यात बसणारे भिंग. काळ्या वाटीसारखी माझी कड, तळाशी नखाएवढी काच आणि गळ्यात अडकवायला एक दोरा. दोरा आजवर अकरा वेळा बदलला. काच मात्र पहिलीच आहे, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. तिथे मला आठवडाभर घासले, पुन्हा घासले, मग मऊ कापडाने पुसून एका बाईंच्या हाती दिले. त्या प्रत्येक काच उजेडाकडे धरून बघायच्या. माझ्या आधीच्या दोघींना त्यांनी मुकाट्याने बाजूला टाकले. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले होते. पण मी पास झाले आणि थोड्याच दिवसांत घड्याळजींकडे आले.

तेव्हा घड्याळजींचे केस काळेभोर होते. त्यांचे दुकान मंडईच्या कमानीसमोर, कपाटापेक्षा थोडेसेच मोठे. टेबलाला चारी बाजूंनी उंच कड, म्हणजे बारीक स्क्रू घरंगळू नये. मांडीवर पांढरा पंचा, म्हणजे घरंगळलाच तर सापडावा. गिऱ्हाईक यायचे आणि ठासून सांगायचे, "स्प्रिंग गेली आहे, नवी टाका." घड्याळजी मान डोलवायचे आणि स्प्रिंगला हातही लावायचे नाहीत. आधी चावी देऊन बघायचे, मग घड्याळ कानाशी धरायचे, मग मला डोळ्यात बसवायचे. दहातल्या सात वेळा आत नुसता कचरा निघायचा. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक सांगतं ते घड्याळाचं दुखणं नसतं, ते गिऱ्हाइकाचं मत असतं."

मला त्यांचा हा स्वभाव फार आवडायचा. लांबून लांबून लोक यायचे, आणि माझेही कौतुक व्हायचे.

पुढे सेलवरची घड्याळे आली. त्यानंतर ते चपटे फोन आले, कानामागून आले आणि तिखट झाले. वेळ बघायला लोकांना मनगट लागेना. मी आठवडेच्या आठवडे खणात पडून राहू लागले. दुकानात घड्याळजींची सून बसू लागली. ती सेल बदलायची, पट्टे बसवायची. हात चलाख, बोलणे गोड. पण एक डोळा सदा फोनवर. मला ती तेव्हा फारशी आवडत नसे, हे कबूल करते. आज तिचेच कौतुक सांगायला बसले आहे.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता मंडईत धारवाला यायचा. पायाने फिरवायचे मोठे चाक खांद्यावर, गळ्यात लाल रुमाल, आणि बोलणे मोजके. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंच्या कात्र्या, मटणवाल्यांचे सुरे आणि आमच्या घड्याळजींच्या चिमट्यांची टोके तोच घासून द्यायचा. ठिणग्या उडू लागल्या की मुले त्याच्याभोवती गोळा व्हायची.

अशाच एका गुरुवारी, जेवणानंतरच्या शांत वेळी, सूनबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने घड्याळजींसमोर आली. फोनवर एक फोटो होता. धारवाला मंडईच्या पायऱ्यांवरून धावतो आहे, आणि त्याच्या खांद्यावर एक मुलगी मोठ्याने रडते आहे. खाली लिहिले होते : "सावधान! मुलं पळवणारा हा माणूस आज सकाळी आपल्या मंडईत दिसला. सगळ्यांना पाठवा."

"बाबा, हा आपला धारवाला! आणि माझं पोर दर गुरुवारी त्याच्यासमोर उभं असतं हो! मी शाळेतल्या सगळ्या आयांना पाठवून दिलं."

"तुला कुणी पाठवलं?" घड्याळजींनी विचारले.

"काकूंनी. त्यांना त्यांच्या बहिणीनं."

"आणि बहिणीला?"

"ते मला कसं माहीत असणार, बाबा? पण फोटो आहे ना समोर! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"फोटो आहे, खरंय. पण कधीचा आहे?"

त्यांनी खण उघडला आणि कितीतरी दिवसांनी मला डोळ्यात बसवले. मला वाटले, आता बघाच माझी कमाल! ते फोनवर वाकले, आणि मला काय दिसावे? लाल, हिरवे, निळे ठिपके. ना माणूस, ना मुलगी. "यातून काही दिसत नाही," असे म्हणून त्यांनी मला सरळ खाली सोडले. मी त्यांच्या गळ्यात लोंबकळत राहिले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पण घड्याळजी माझ्यापाशी अडून बसले नाहीत. त्यांनी सुनेला विचारले, "हे मोठं कसं करतात गं?" तिने दोन बोटांनी चित्र ताणून दाखवले. ते सावकाश एकेक कोपरा बघत गेले. डावीकडे वर कमानीचे घड्याळ अर्धेमुर्धे दिसत होते. तिथे ते थांबले.

"हे आकडे बघ. रोमन आहेत."

"मग?"

"कमानीकडे बघ."

समोर कमानीवर साधे, ठळक आकडे होते. जुनी तबकडी तडकली म्हणून घड्याळजींनी स्वतः शिडीवर चढून ती बदलली होती. त्याला दोन वर्षे होऊन गेली होती. जुनी तबकडी टाकवत नाही म्हणून ती कपाटामागे उभी होती. सूनबाईने ती ओढून काढली, धूळ पुसली. सात आणि आठच्या मधून गेलेला तडा फोटोतही होता, अगदी तसाच वाकडा.

"म्हणजे आज सकाळचा नाहीच हा!" सूनबाईचा जीव भांड्यात पडला. ती भराभर लिहू लागली, 'ही बातमी खोटी आहे'.

"थांब," घड्याळजी म्हणाले. "फोटो जुना आहे, एवढंच कळलं. त्यानं मूल पळवलं नाही, हे कुठं कळलं? ही मुलगी कोण?"

खरे सांगते मित्रांनो, इथे मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले. आपल्याला हवे ते उत्तर मिळाल्यावरही पुढचा प्रश्न विचारणारी माणसे फार थोडी असतात.

तीन वाजून गेले होते. दोघे बाहेर पडले तेव्हा कमानीखाली घोळके जमू लागले होते. एकाच्या हातात शटर ओढायची लोखंडी सळई होती. "येऊ दे चार वाजता, बघतोच," कोणी तरी म्हणाले. सूनबाईने ते ऐकले आणि तिची पाचावर धारण बसली. आता धारवाल्याच्या जिवाशी गाठ होती, आणि त्या घोळक्यातल्या दोघांच्या बायका तिने फोटो पाठवलेल्या आयांपैकीच होत्या.

फोटोत पायरीशी फुलांच्या टोपल्या दिसत होत्या, म्हणून ती दोघे कमानीखालच्या फुलवाल्या आजींकडे गेली. आजींकडे बटणांचा साधा फोन. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. फोटो बघून आणि खालचा मजकूर ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई, ही माझी नात! पायरीवरून पडली, गुडघा फुटला. रक्त काही थांबेना. टोपल्या टाकून मी म्हातारी कुठं पळणार? यानंच उचलून दवाखान्यात नेली. आपलं चाक तसंच रस्त्यात टाकून गेला बिचारा. पोरं चोरतो? कोण म्हणतं मेला?"

तरी घड्याळजींनी आजींना घरी फोन लावायला लावला. मुलीच्या गुडघ्याचे नाव काढताच, पुढे काही विचारायच्या आधीच तिची आई म्हणाली, "धारवाल्या दादांनी दवाखान्यात नेलं होतं तेव्हाचं ना? पाच टाके पडले होते." मगच त्यांनी सुनेकडे बघून मान हलवली.

सूनबाईने जुन्या तबकडीचा आणि कमानीवरच्या घड्याळाचा फोटो शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांना पाठवला. पण साप म्हणून भुई धोपटायला निघालेली माणसे फोन कशाला बघतात! मग ती आजींच्या पालथ्या खोक्यावर चढली. चारला दहा मिनिटे कमी होती. ती ओरडून सांगू लागली.

"ऐका, तो फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे. त्या दादांनी पडलेल्या मुलीला दवाखान्यात नेलं होतं. तिची आजी इथंच बसली आहे, तिला विचारा."

"पण आमच्या घरात तर तुम्हीच पाठवलात की तो!" मागून एकजण ओरडला.

"हो, मीच पाठवला. न बघता पाठवला. म्हणूनच मी सांगतेय."

काही जण आजींकडे वळले. चारचौघांत आपली चूक अशी उघडपणे सांगणारे माणूस मी घड्याळजींच्या दुकानात चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. घड्याळजींची छाती माझ्यामागे केवढी तरी फुगली होती. मी तिच्यावरच लोंबत होते, मला कळले.

इतक्यात धारवाला आला. गर्दी बघून हसला. "आज सगळ्यांच्याच सुऱ्या एकदम बोथट झाल्या की काय?"

 सळईवाल्याने हात पाठीमागे नेला. आजींनी उठून धारवाल्याचा दंड धरला, आणि सूनबाईने त्याला सगळे सांगितले, आपल्या वाट्यासकट. त्याने ऐकून घेतले, काकूंच्या कात्रीला धार लावली आणि बाकीच्या गिऱ्हाइकांची वाट न बघता चाक उचलून निघून गेला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. आमच्या मंडईत खरे कळले होते, पण फोटो त्याच्या आधीच दुसऱ्या वस्त्यांत पोचला होता. तिथे लोकांनी त्याला गल्लीत शिरू दिले नाही. एका ठिकाणी तर त्याचे चाक ढकलून पाडले.

हे कळल्यावर सूनबाईने पदर खोचला. ज्यांना ज्यांना तिने फोटो पाठवला होता त्या प्रत्येकीला तिने फोन केला. "तू पुढं कुणाला पाठवलंस?" मग त्यांना फोन, मग त्यांच्या पुढच्यांना. कोणी म्हणाले, "जाऊ दे ना, आता जुनं झालं." कोणी म्हणाले, "आम्ही काळजीपोटीच पाठवलं होतं." ती म्हणायची, "मीही काळजीपोटीच पाठवलं होतं, ताई." दोन वस्त्यांत ती काखेत तबकडी मारून स्वतः गेली. नऊ दिवस हे चालले. त्या नऊ दिवसांत मी तिच्याबद्दल जे जे वाईट चिंतले होते ते सगळे परत घेतले.

चौथ्या गुरुवारी चार वाजता चाकाचा आवाज आला. काकू चार कात्र्या घेऊन धावल्या. घड्याळजी चिमटे घेऊन निघाले, मी अर्थात गळ्यात. सूनबाईचे चार वर्षांचे पोर ठिणग्या बघायला पळत सुटले आणि दगडाला अडखळून धारवाल्याच्या पायाशीच पालथे पडले.

धारवाला झटक्यात उठला. वाकला. आणि त्याचे दोन्ही हात हवेतच थांबले. त्याने ते मागे घेतले, इकडे तिकडे बघितले, कोणाच्या हातात फोन आहे का ते बघितले. पोर रडत होते.

"ताई," तो म्हणाला, "पोर पडलंय तुमचं. उचलू का?"

सूनबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "उचला की दादा! विचारता काय?"

त्याने उचलले. अगदी हलक्या हाताने, आणि लगेच तिच्याकडे देऊन टाकले.

मित्रांनो, मी म्हातारे भिंग तुम्हाला काय शिकवणार? तुमचा फोनही मला नीट वाचता येत नाही. पण घड्याळजींसारखे विचारणे तर तुम्हाला येईल : हे कुठून आले, कधीचे आहे, आणि ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाला कोणी विचारले का? उत्तर मिळेपर्यंत अंगठा आवरा, एवढीच माझी विनंती. सूनबाईने ती बातमी पुढे पाठवली तेव्हा निमिषही लागले नव्हते. ती मागे घ्यायला नऊ दिवस लागले. आणि पडलेले मूल दिसले की धारवाला अजूनही आधी विचारतो.