ड्रायव्हरबाईंची टेस्ट

सत्तरी गाठली की लोक तुमच्याशी दोनच विषयांवर बोलतात: गुडघे कसे आहेत आणि पोट साफ होतं का. माझे गुडघे दुखतात, पोट साफ होतं, आणि माझ्या दारात लाल रंगाची, बुटकी, सहा सेकंदांत ताशी शंभर गाठणारी स्पोर्ट्स कार उभी आहे. या तिसऱ्या विषयावर बोलायचं म्हटलं की मात्र सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. माझ्या मुलाच्या सोडून.

मी बत्तीस वर्षं शहर बस चालवली. डेपोत मला सगळे ड्रायव्हरबाई म्हणायचे, आणि गल्लीत अजूनही म्हणतात. बसचं इंजिन बघाल तर हत्तीएवढं, पण त्याला वेग बांधून दिलेला. पन्नासच्या पुढे काटा म्हणून सरकायचा नाही. समोर मोकळा रस्ता, पायाखाली एवढी ताकद, आणि मी आपली डुलत डुलत चाललेय! शेजारून एखादं पोरगं सुर्रकन निघून गेलं की मी मनात म्हणायचे, थांब लेका, माझीही वेळ येईल.

ती यायला अडुसष्टावं वर्ष उजाडलं. दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून मी ही गाडी घेतली. त्यांची कंबर गेली होती, हौस गेली नव्हती. किल्ली देताना त्यांनी दोनदा हात मागे घेतला. गॅरेजवाला मला म्हणाला, "बाई, या गाड्या घेणारे बहुतेक तुमच्याच वयाचे. लोकांना वाटतं म्हातारपणी चळ लागलाय. अहो, ज्याने जन्मभर कळ काढली त्यालाच वेगाची चव कळणार ना?" त्या दिवसापासून मी दुसऱ्या गॅरेजची पायरी चढले नाही.

गाडीत बसायचं म्हणजे आधी बूड, मग पाय, मग देवाचं नाव. पण एकदा बसलं की बसलं. दर गुरुवारी सकाळी मी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर जाते. तिथे शंभरची परवानगी आहे. शंभर म्हणजे शंभर, एकशे एक नाही. नियम मोडायची मला हौस नाही, नियमाच्या टोकापर्यंत जायची आहे. पाय दाबला की पाठ सीटला चिकटते आणि मला हसू फुटतं. एकटीच खिदळते मी, वेड्यासारखी.

माझा मुलगा शाळेत गणित शिकवतो. सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण घरातही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलतो. "आई, मुद्दा एक, तुझं वय. मुद्दा दोन, तुझे गुडघे. मुद्दा तीन, त्या गाडीचा वेग. आता बेरीज कर."

"मुद्दा चार," मी म्हटलं, "तुझा आगाऊपणा. तोही धर बेरजेत."

पण या वर्षी त्याच्या हातात हुकमाचं पान आलं. सत्तर पूर्ण झाले की लायसन्स पुढे चालू ठेवायला ड्रायव्हिंगची टेस्ट द्यावी लागते. तो म्हणाला, "पास झालीस तर गाडीबद्दल पुन्हा एक शब्द काढणार नाही. नापास झालीस तर गाडी विकायची. माझ्या ओळखीचा एक जण घ्यायला तयार आहे."

मी म्हटलं, मान्य. बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या नावावर. मला कोण नापास करतंय? गर्वाचं घर खाली असतं म्हणतात, माझं तर तळघरातच निघालं.

टेस्ट घ्यायला एक चष्मेवाली मुलगी होती. हातात पॅड, चेहरा इस्त्री केलेला. "आजी, आपल्याच गाडीतून जायचं?" आणि गाडी बघून तिचा चष्माच खाली घसरला.

"आजी घरी. इथे ड्रायव्हर," मी म्हटलं.

वीस मिनिटं मी अशी गाडी चालवली की बघत राहावं. सिग्नल, वळण, चढावर थांबून पुन्हा निघणं, उलटं घेऊन दोन गाड्यांमध्ये लावणं, सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं. चष्मेवालीचा पेन बरोबर, बरोबर करत खाली सरकत होता. मग आम्ही बाजारच्या रस्त्याला लागलो. पुढे बस स्टॉप होता. स्टॉपवर चार माणसं उभी होती, त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने रस्त्याकडे बघत पिशवी उचलली.

आणि मी थांबले. इंडिकेटर दिला, गाडी अलगद कडेला घेतली, फूटपाथला लावली आणि थांबले. तेवढ्यावर भागलं नाही. थांबून मी वाट बघत राहिले. कशाची? डबल बेलची! कंडक्टर दोनदा घंटी वाजवतो तेव्हा ड्रायव्हर निघतो. बत्तीस वर्षं मी त्या दोन टोल्यांशिवाय चाक हलवलं नव्हतं. मी शांतपणे आरशात बघत बसले होते, सगळे नीट चढले का म्हणून. आरशात होती फक्त मागची काच. स्टॉपवरची माणसं वाकून वाकून आमच्याकडे बघत होती.

"का थांबलात?" चष्मेवालीने विचारलं.

इंजिनात आवाज आला, असं काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण बाजूला बसलेल्या माणसाला फसवून गाडी चालवायची नसते. मी खरं ते सांगितलं. ती हसली नाही. "मला पटतंय," ती म्हणाली, "पण मागून बस आली असती तर? हे लिहावंच लागेल." तिने लिहिलं: विनाकारण थांबल्या, निघायचं भान राहिलं नाही. नापास. दहा दिवसांनी एक संधी, शेवटची.

घरी आले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागले. आवाजावरूनच मुलाला निकाल कळला. त्याने फोन उचलला. "मी त्या गृहस्थांना उद्या बोलावतो."

"अहो, थांबा," सूनबाई म्हणाली. "नियमात दोन संधी आहेत. गणिताच्या सरांना दोनपर्यंत मोजता येतं ना?"

माझी सून म्हणजे लाखात एक. त्याने फोन खाली ठेवला.

आठ दिवस मी रोज गाडी काढली. सरळ रस्त्यावर नाही, बाजाराच्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी अकरा स्टॉपपैकी सात ठिकाणी माणसं होती, सातही ठिकाणी थांबले; आठव्या दिवशीही तेच. मेलं, पायाला कोण समजावणार? डोकं म्हणे चल, पाय म्हणे माणसं उभी आहेत. एका गृहस्थाने तर खिडकीतून डोकं घालून विचारलं, "पुढच्या चौकापर्यंत सोडता का?" सोडलं बिचाऱ्याला.

खरं सांगू का, मला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती. स्टॉपवर माणूस उभा असताना गाडी पुढे काढायची नाही, यावरच तर माझं नाव झालं होतं. बाकीचे ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, "मागून रिकामी येतेय!" आणि निघून जायचे. मागून रिकामी कधीच येत नाही, हे ओरडणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. मी नाही तशी वागले. आता एवढ्या वर्षांची ती चांगली सवय मोडली नाही तर गाडी जाणार होती, आणि मोडली तर माझ्यात शिल्लक काय राहणार होतं? रात्री कूस बदलून बदलून अंग दुखायला लागलं.

नवव्या दिवशी मी गाडी घरीच ठेवली. बाजारच्या स्टॉपवर जाऊन त्या माणसांच्या रांगेत उभी राहिले. दहा मिनिटांत बस आली. एक तरणीताठी मुलगी चालवत होती. तिने बस कडेला घेतली, आरशात बघितलं, एका काठीवाल्या आजोबांना नीट बसू दिलं, मग निघाली. मी बघतच राहिले. माझ्याशिवाय चाललं होतं की सगळं! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीच चष्मेवाली, तोच रस्ता. स्टॉप आला. सहा माणसं होती. पाय वळवळला. मी दातावर दात धरून पुटपुटले, "मागून येतेय हो, मागून येतेय," आणि गाडी पुढे काढली. या वेळी ते खरं होतं, आरशात बस दिसत होती. चष्मेवालीने माझ्याकडे बघितलं, पॅडवर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "ड्रायव्हरबाई, पास."

मुलगा लायसन्सच्या ऑफिसबाहेर उभा होता. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आला होता. मी त्याला कागद दाखवला आणि त्याच्यासमोरच घळाघळा रडायला लागले.

"अगं, पास झालीस ना?"

"झाले रे. पण आयुष्यात पहिल्यांदा मी माणसं उभी असताना स्टॉप सोडला."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "पहिल्यांदा नाही."

"काय पहिल्यांदा नाही?"

"मी पाचवीत होतो. शाळा सुटली होती आणि तुझी बस आली. दारात माणसं लटकत होती. मी तुला हात केला. तू खिडकीतून म्हणालीस, मागून रिकामी येतेय, तिच्यात बस. आणि गेलीस." त्याने चष्मा काढून पुसला. "मागून आलीच नाही. दीड तास उभा होतो. मग चालत घरी आलो."

मला आठवलं. दारं लागत नव्हती, कंडक्टर ओरडत होता, आणि खाली दप्तर घेतलेलं माझंच पोर. मला वाटलं होतं, स्वतःच्या मुलासाठी थांबले तर बाकीच्यांचं काय? आणि वाटलं होतं, येईल की मागून. मग तो दिवस मी सरळ विसरून गेले. आणि बत्तीस वर्षांची शेखी मिरवत फिरले.

"मग सांगितलं का नाहीस रे कधी?"

"तू दमून आली होतीस. आणि नंतर काय सांगायचं?" तो म्हणाला. "पण आई, तू गुरुवारी त्या गाडीतून निघतेस ना, गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत मी दार लावून घेतो. तू परत येईपर्यंत वर्गात मी मोबाइल टेबलावर ठेवतो. वय, गुडघे, वेग, हे सगळं मी शाळेत शिकवतो तसं बोलतो. खरं एवढंच आहे, की मला गाडीची मागची बाजू बघवत नाही."

सेहेचाळीस वर्षांचा माणूस, केस पांढरे व्हायला लागलेले. आणि मी त्याला आगाऊ म्हणत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "थांबायला हवं होतं. बस भरली होती तरी थांबायला हवं होतं. तू माझा होतास."

त्याने मान हलवली. ऑफिसमधली माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती.

मग मी गाडीचं दुसरं दार उघडलं. इतक्या दिवसांत तो त्या गाडीत कधी बसला नव्हता. "बस," मी म्हटलं.

"आता? कुठे?"

"आधी बस तर."

तो बसताना माझ्याहून जास्त कण्हला. डोकं आपटलं, गुडघा अडकला, शर्टाचं बटण तुटलं. तो नीट टेकेपर्यंत, पट्टा लागेपर्यंत मी गाडी हलवली नाही. मग गावाबाहेर काढली आणि सरळ रस्त्यावर पाय दाबला. पहिल्यांदा त्याने दाराची मूठ गच्च धरली आणि "आई गं!" म्हणून किंचाळला. मग मला शेजारून एक आवाज आला. मी बघितलं तर तो हसत होता, अगदी पाचवीतल्या पोरासारखा, तोंड उघडं टाकून.

गुरुवारी त्याला शाळा असते, म्हणून आता आम्ही रविवारी जातो.