टलीची धाव

टली ब्रॅनक आमच्या गावच्या फुटी, म्हणजे हाताने-पायाने खेळायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघाचा बचावपटू. त्याचं काम समोरच्या गड्याला धरून मागे थांबायचं. पण चेंडू हातात आला की हा तो जमिनीवर आपटत थेट पुढे पळत सुटतो, आणि मैदानाच्या कडेने लावलेल्या आमच्या गाड्या गोल झाल्यासारख्या हॉर्न बडवतात. वेळ संपल्याचा सायरन वाजवायचं काम माझ्याकडे, म्हणून वरच्या खोलीतून हा तमाशा मला बघावा लागतो.

शनिवारी जिंकलो असतो तर अकरा वर्षांनी बाद फेरीत गेलो असतो. तीन गुणांनी पुढे होतो. शेवटचे सेकंद उरले आणि टली सुटला. सगळ्या गाड्या कोकलायला लागल्या. वेळ संपली, मी सायरन दाबून धरला. पण अंपायरने ऐकल्याशिवाय सामना संपत नाही, आणि आमच्याच हॉर्नपुढे त्याला काही ऐकू जाईना. तेवढ्यात टलीच्या हातून चेंडू निसटला आणि त्याने मागे मोकळा सोडलेल्या गड्याकडे गेला. गोल. सहा गुण. हॉर्न बंद पडले, मग सायरन ऐकू आला.

खाली मेहुणा लेस बॉनेटवर बसून बिअर पीत होता.

"दाजी, काय पळाला टली."

"तुमच्या हॉर्नपायी हरलो, गाढवा."

"तुमच्या सायरनमध्येच दम नाही. आणि बाद फेरी काय, येईल परत. अशी धाव परत दिसेल का?"

"दर शनिवारी दिसते. मागे मोकळा उभा असलेला गडी तेवढा दिसत नाही तुम्हाला."

लेसने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्याला टलीची धाव पहिल्यापासून सांगायला घेतली.