अकीकाचा खल आणि चिमूटभर कुंकू

"दाबू नका, सुचित्राताई. फिरवा. हात हलका ठेवा."

मुरलीधर सरांचा हा आवाज माझ्या कानात अजून आहे. साल १९९४. अबुधाबीजवळ मुसफ्फामध्ये आमची छोटी प्रयोगशाळा नुकतीच उघडली होती. आणि मी कोण म्हणाल, तर मित्रांनो, मी एक अकीकाचा खल. तळहाताएवढा, राखी रंगाचा, आता बराच जुना. खंबातच्या कारागिरांनी मला एका दगडातून कोरलं, घासून घासून गुळगुळीत केलं. अकीक कठीण असतो. घोटताना तो आपली भुकटी दुसऱ्यात मिसळू देत नाही, म्हणून माझी निवड झाली.

पुढच्या खोलीत बांधकामांच्या सिमेंटची तपासणी चाले. त्यावर सगळ्यांचं पोट. ते काम रत्नागिरीचे हमीदभाई करत. मागच्या खोलीत सरांचं वेड होतं, आणि तिथे मी होतो.

सरांना असा पदार्थ घडवायचा होता की त्यातून धातूसारखी वीज वाहावी, आणि तरीही त्याच्या आत एक बाजू धन, एक बाजू ऋण राहावी. एरवी हे जमत नाही. वाहते इलेक्ट्रॉन हा फरक झाकून टाकतात. सर म्हणत, पापुद्र्यांसारखे थर असलेलं ऑक्साइड घ्यायचं आणि थरांमधली अणूंची मांडणी थोडी कलती करायची, मग जमेल. ती कलती कशी करायची, एवढंच सापडत नव्हतं.

ऑक्साइडची पूड माझ्यात ओतून तासभर घोटावी लागे. हे काम सरांच्या मदतनीस सुचित्राताईंचं; त्या घड्याळ पाहत नसत. रोज अकरा माळा जपाचा त्यांचा नेम होता, तो त्या घोटतानाच करत. ओठ हलत, आवाज नसे.

"ताई, देव किती बारीक झाला आज?" हमीदभाई दारातूनच विचारत.

"अजून चाळणीतून जात नाही. तुम्ही नमाजाला जा, भट्टी मी बघते."

अशी सात वर्षं गेली. चाळीस नमुने झाले, चाळीसही फुकट गेले. पण ताईंचा हात एकदाही घाईला आला नाही. असा हात मी दुसरा पाहिला नाही.

२००१ ची खंडेनवमी आली. आपण ज्यावर जगतो त्या हत्याराची त्या दिवशी पूजा करतात. ताईंचं हत्यार मीच. प्रयोगशाळेत पूजाअर्चा नको, हा सरांचा सक्त नियम होता. तरी ताईंनी गुपचूप माझ्या काठाला कुंकू लावलं. गावाकडून आलेलं, हळद आणि चुन्याचं घरगुती कुंकू. त्यातली चिमूट माझ्या पोटात सांडली. रोज मला आम्लाने धूत. त्या दिवशी भट्टी तापून तयार होती, म्हणून कोरड्या फडक्यावर भागलं.

आणि एक्केचाळिसावा नमुना बोलला. वीज वाहत होती, आणि प्रकाशाच्या चाचणीत धन-ऋण बाजूंची खूणही दिसत होती. सरांनी सगळ्यांसाठी कुनाफा, इकडची अरबी मिठाई, मागवला.

आठवड्याने नमुन्यातल्या घटकांचा रिपोर्ट आला. त्यात कॅल्शियम होतं. चुन्यातलं, सिमेंटमधलंही.

"सात वर्षं सांगतोय, हमीद, सिमेंटचे हात घेऊन आत येऊ नकोस."

"वल्ला, अल्लाची शपथ, साहेब, ह्या खलाला मी बोट पण लावलं नाय."

"मग चुना आभाळातून पडला? खलास. परवापासून दुबईला, आपल्या रास अल खोरच्या गोदामात." मग सर ताईंकडे वळून हळहळले, "कॅल्शियमचा अणू लहान. मोठ्या अणूच्या जागी बसला, की आजूबाजूची मांडणी कलते. कुणी विचार करून घातलं असतं, तर शोधनिबंधावर त्याचं नाव पहिलं घातलं असतं मी."

ताईंनी भिंग घेऊन मला उजेडात धरलं. त्या नमुन्यानंतर मला कुणी वापरलं नव्हतं, धुतलंही नव्हतं; माझ्या काठावरच्या चरेत लाल कण होते. त्यांचा चेहरा उतरला.

मित्रांनो, मला तेव्हा भीती वाटली. मला धुऊन टाकलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. "मीच मुद्दाम घातलं" म्हटलं असतं, तर हमीदभाई वाचले असते आणि ताईंचं नावही झालं असतं. खरं सांगितलं तर ताईंची नोकरी जाण्याचीच शक्यता जास्त.

संध्याकाळी हमीदभाई कपाट रिकामं करत होते. ताई म्हणाल्या, "सामान परत ठेवा, हमीदभाई. उद्या सर आले की आधी मी आत जाते."

"घरी बायकोने, मरियमबीने, बांधाबांध केली पण, ताई. पोरींची शाळा तेवढी राहिली इथे. सांगणार काय साहेबांना?"

"कुंकू सांडलं, आणि मी खल धुतला नाही."

"येवढंच सांगणार? नोकरी जाईल तुमची."

"मरियमबींना म्हणावं, गाठोडी सोडा. शब्द देते."

आज मी कपाटात पडून असतो. वापरणारं कुणी नाही. एकच सांगावंसं वाटतं. हत्यारावर माया करा, पूजाही करा, पण त्याला धुवायला विसरू नका. आणि काही बिघडलं, तर दुसऱ्याचे हात बघण्याआधी आपले बघा.

तर, त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची गाडी फाटकात शिरली. ताईंनी वहीत एक्केचाळिसाव्या नमुन्यापुढे तीन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. शाई वाळू दिली. मग वही छातीशी धरली, दार अलगद ओढून घेतलं, आणि त्या सरांच्या खोलीकडे चालू लागल्या.