उबेत लपणारा दोष

मी जाड रबराचा फुगा बोलतोय. जत्रेत मिळतो तसला नव्हे. विजेच्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकावर बसवलेला. बॅटरीमुळे आमची गाडी भलतीच जड. तिचा एक कोपरा मी सहा वर्षं पोटात हवा कोंडून उचलून धरला. वर गाडी, खाली चाक, बाजूला पत्रा. मला कुठे हलायला जागा नव्हती. रस्ता मी कधी पाहिला नाही, फक्त सोसला.

मालकीण रिस्तिन, पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या मासी गावची. तिचा नवरा मिह्काल याची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा त्याला सत्तर किलोमीटरवरच्या अल्टाच्या इस्पितळात रक्त शुद्ध करायला न्यावं लागे. त्याचा जन्म रेनडिअरच्या कळपामागे गेलेला. गाडीत बसला की तो म्हणायचा, "माझा रेनडिअर बरा होता हिच्यापेक्षा. कुरकुर तरी करायचा."

"तुझी पुरते मला," रिस्तिन म्हणायची.

या जानेवारीत थंडी उणे तीसला गेली आणि एका सकाळी माझ्या पोटातली हवा निघून गेली. मी फाटलो नव्हतो. माझ्याकडे हवा येते त्या वाटेवर एक झडप आहे. हवेबरोबर आलेलं पाणी तिच्या तोंडात गोठलं, ती मिटेना, आणि माझी हवा आल्या वाटेने परत गेली. गाडी एका बाजूला बसली, तिचं पोट बर्फाला टेकलं. मला सगळं कळत होतं. पण सांगू कुणाला आणि कसं?

गाडी काउतोकेनोच्या गॅरेजात ओढून नेली. गॅरेज रिस्तिनच्या भाच्याचं, आस्लाकचं. बाहेरून आलेल्या माणसाला आधी चीजचे तुकडे घातलेली कॉफी द्यायची, तो जरा शेकला की मग काम विचारायचं, ही आमच्याकडची रीत. आस्लाक गाड्यांनाही तसंच वागवायचा. गरम शेडमध्ये उभी करून अंगावरचा बर्फ पुरता वितळू द्यायचा, मगच हात लावायचा. त्या उबेत झडपेतला बर्फही वितळला. गाडी चालू केली तसा मी टम्म फुगलो. त्याने माझ्यावर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा आला नाही.

"मावशी, गाडी ठणठणीत आहे."

"मग काल काय मला बघून खाली बसली?"

चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा ऊब, पुन्हा गाडी ताठ उभी. या वेळी त्याने संगणक जोडला. डावी मागची बाजू हवा धरत नाही, एवढंच संगणक म्हणाला. त्याला तेवढंच कळतं. पण तेवढ्यावर आस्लाकने मला उतरवलं, माझ्या जागी नवा फुगा बसवला आणि माझ्या अंगावर 'गळका' अशी चिठ्ठी चिकटवून खिडकीजवळच्या फळीवर टाकलं. अंगावर आता वजन नव्हतं, पोटात हवाही नव्हती. मी घड्या पडून नुसता बघत राहिलो. दोष पोटात घेऊनच गाडी माझ्यासमोरून निघाली, आणि मला हाक मारता येईना.

पुढच्या सोमवारी ती तिसऱ्यांदा ओढून आणली. मिह्कालची रक्त शुद्ध करायची सकाळची वेळ हुकली होती. पाय इतके सुजलेले, की बुटांच्या नाड्या सोडून ठेवलेल्या. आस्लाकने शेडचं दार उघडलं, तशी रिस्तिन आडवी उभी राहिली.

"आत न्यायची नाही."

"मावशी, बाहेर उणे अठ्ठावीस आहे!"

"मग माझ्या दारात काय उन्हाळा असतो? ती थंडीत आजारी पडते, तू तिला शेकतोस आणि बरी झाली म्हणून परत पाठवतोस. इथंच बघ."

"बरं, कॉफी तरी घ्या दोघं."

"त्याला घोट मोजून प्यायचेत आज. दुपारपर्यंत पोचलो तर याला घेऊ, असं इस्पितळवाले म्हणालेत. तू बघ आधी."

आस्लाक टोपी कानांवर ओढून गाडीखाली शिरला. मला खिडकीतून त्याचे पाय तेवढे दिसत होते. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. एका हाताचा मोजा काढलेला, बोटं लाल झालेली, आणि तळहातावर झडपेतून काढलेला तांदळाच्या कणीएवढा बर्फ. हवेतलं पाणी शोषून घेणारी डबी केव्हाच भरून गेली होती, म्हणून ते पाणी झडपेपर्यंत पोचत होतं.

"फुग्याचा दोष नव्हता, मावशी."

"ते त्या फुग्याला सांग."

मग मात्र गाडी आत घेतली. नळ्या कोरड्या केल्या, नवी डबी बसवली. ताठ उभ्या गाडीतून दोघं सरळ अल्टाकडे गेली.

त्यानंतर आस्लाकने मला पाण्याच्या टबात बुडवून हवा भरली. बुडबुडा नाही. त्याने चिठ्ठी सोलून काढली, हवा सोडली आणि मला परत फळीवर ठेवलं. गाडीत नवा फुगा चांगला बसला होता. माझी जागा गेली ती गेलीच.

आता मार्च संपत आलाय. आस्लाक हल्ली आधी बाहेर जाऊन गाडी तपासतो आणि आतले कामगार त्याच्यावर ओरडतात, "अरे, दार लाव!" तुमचीही अशी गाडी असेल, तर माझं एवढं ऐका: ती जिथे आणि जशा हवेत बसते, तिथेच तिला बघा. चिठ्ठी मग चिकटवा.

मला इथून कुणी न्यावं, असं रोज वाटतं. पण दार उघडलं की मी आधी बघतो, गाडी कुणाची. आत येणारी गाडी रिस्तिनची नाही असं दिसलं, की बरं वाटतं. मिह्काल वेळेवर पोचतोय, हे मला तेवढ्यावरूनच कळतं.