चारशे बारा नंबरचं हृदय

हॉस्पिटलात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे तिला फासळीबाई म्हणायचे. शिकाऊ डॉक्टरांनी पाठीमागे ठेवलेलं नाव ते, पण सत्तावीस वर्षांत लोक तोंडावरही म्हणायला लागले आणि तिनंही ओ द्यायला सुरुवात केली. नाव काही खोटं नव्हतं. ईसीजी काढायला मंत्री येवो नाहीतर झाडूवाली येवो, ती गळ्याखालच्या हाडापासून बोटानं एकेक फासळी मोजत खाली यायची आणि चौथ्या-पाचव्या फासळीच्या मधल्या खाचेत मशीनच्या तारेची पहिली चकती चिकटवायची. अंदाजपंचे काम तिला खपायचं नाही, बायकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. बाईच्या छातीवरच्या निम्म्या चकत्या स्तन उचलून त्याखाली बसवाव्या लागतात. त्याची लाज वाटते म्हणून पुष्कळजण चकत्या वरच कुठंतरी डकवून मोकळे होतात, आणि मग मशीन भलतंच काहीतरी छापून देतं.

गुरुवारी सकाळी तिला मोठ्या सरांनी बोलावलं. मोठे सर म्हणजे हृदयविभागाचे प्रमुख. चार देशांत मिळून बायकांच्या हृदयावर संशोधन चाललं होतं, त्यातलं इथलं केंद्र त्यांच्याकडे होतं. पैसा परदेशातल्या एका संस्थेचा. बाराशे बायकांचे ईसीजी झाले की पुढच्या पाच वर्षांचा पैसा मिळायचा होता, आणि ते बघायला संस्थेची माणसं दुपारी चारला येणार होती. त्यांच्यासाठी जिन्यापासून सभागृहापर्यंत कापडी फलक लावले होते. प्रत्येकावर तीच एक सडपातळ बाई, छातीशी लाल पुठ्ठ्याचं हृदय धरून हसणारी. फासळीबाईनं इतक्या वर्षांत हजारो बायका टेबलावर झोपवल्या होत्या, त्यांत असं हसणारी एकही नव्हती.

"वस्त्यांमधल्या शिबिरांचे हे पाचशे ईसीजी आहेत," सर म्हणाले. "वरवर नजर टाका आणि शेवटी सही करा. तुमची सही असली की कुणी पुन्हा विचारत नाही."

वरवर नजर टाकणं तिला येत नव्हतं. ती फायली घेऊन आपल्या खोलीत बसली आणि पहिल्यापासून एकेक कागद बघू लागली.

अकराव्या कागदाशी ती थबकली. पहिल्या चकतीच्या रेघेत दोन टोकं उभी होती, सशाच्या कानांसारखी. उजवा कान उंच, आणि त्याच्या शेंड्याला बारीकशी खाच. सशाचे कान पुष्कळांच्या ईसीजीत असतात, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण ही खाच तिच्या ओळखीची होती. चौदाव्या कागदावर तोच कान, तीच खाच. सतराव्यावर तीच. वर छापलेलं: वय एकोणचाळीस, स्त्री. वय बासष्ट, स्त्री. वय चव्वेचाळीस, स्त्री.

आईला लेकराचं अक्षर ओळखायला जेवढा वेळ लागतो तेवढाच तिला लागला. हे हॉस्पिटलच्या गाडीवरच्या ड्रायव्हरमामांचं हृदय होतं. त्यांच्या लायसनसाठी दरवर्षी तीच त्यांचा ईसीजी काढायची.

तिनं सगळे कागद पुन्हा चाळले. असे त्रेसष्ट निघाले.

मग तिला एकदम आठवलं. त्यातल्याच एका शिबिरात तिनं आपल्या वहिनीला पाठवलं होतं. वहिनी जायला तयार नव्हती, "मला काय धाड भरलीय?" म्हणत होती, हिनंच मागे लागून तिचं कार्ड भरलं होतं, म्हणून नंबर पाठ होता. चारशे बारा. तिनं तो कागद काढला. वय चोपन्न, स्त्री. खाली सशाचे दोन कान, उजव्या शेंड्याला खाच.

दोन महिन्यांपासून वहिनीचा जबडा दुखत होता. पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये काहीतरी रुतल्यासारखं व्हायचं, जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. घरात कुणी काळजी केली नाही, कारण शिबिराचं पत्र आलं होतं: 'आपले हृदय निरोगी आहे.' वहिनीनं ते कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं आणि भावानं टोमणा मारला तर ती त्या पत्राकडे बोट दाखवायची. शेवटी दाताच्या डॉक्टरनं दाढ काढली. दाढेचं निदान कुणाचं? फासळीबाईचंच. "हृदय ठणठणीत आहे, दाढच असणार," असं तिनं सगळ्या घरासमोर ठासून सांगितलं होतं.

तिनं घरी फोन लावला. "वहिनी, आहेस तश्शी रिक्षात बस आणि ये."

"अहो वन्सं, गॅसवर कुकर आहे."

"गॅस बंद कर आणि ये! आणि जिना सावकाश उतर."

वहिनी येईपर्यंत ती खाली ड्रायव्हरमामांकडे गेली. ते पाहुण्यांना आणायला जायची गाडी पुसत होते.

"मामा, शिबिरात तुम्ही टेबलावर झोपत होतात?"

"हो की," मामा म्हणाले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती. "मशीन तपासायचंय म्हणायचे ते दोघे तंत्रज्ञ. बायका कपडे काढायला तयार नव्हत्या ना. उघड्या हॉलमध्ये, दोन बाप्ये समोर, कोण काढील? म्हणायच्या, पडदा तरी लावा. पडदा कुठला आणायचा? आणि वरून तर हुकूम, रोजचे शंभर झालेच पाहिजेत. मग संध्याकाळी म्हणायचे, मामा, पडा जरा. मी आपला पडायचो, पाठीला तेवढाच आराम. का हो, मशीनमध्ये काही निघालं का?"

"तुमच्यात काही नाही निघालं, मामा," ती म्हणाली. या माणसावर रागवायचीही सोय नव्हती.

वहिनी आली ती धापा टाकतच. फासळीबाईनं खोलीचं दार लावलं, पडदा ओढला, तिला झोपवलं. बोटानं फासळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"तिकडे बरं होतं बाई," वहिनी म्हणाली. "मी विचारलं, कपडे नाही का काढायचे? तर म्हणाले, नको, नवीन मशीन आहे, नाव आणि वय सांगितलं की पुरतं. तीन तास बसले होते, दोन मिनिटांत मोकळी झाले."

मशीननं कागद बाहेर ढकलला. सशाचे कान कुठंच नव्हते. तीन ठिकाणी रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. तो वाचायला तिला डॉक्टरची गरज नव्हती, तरी तिनं धावत जाऊन वॉर्डातल्या डॉक्टरला आणलं. त्यानं कागद बघितला आणि हळूच विचारलं, "यांना झटका कधी येऊन गेला?"

ज्या आठवड्यात दाढ काढली, त्याच आठवड्यात. अर्ध्या तासात वहिनी चौथ्या मजल्यावर होती. हृदय निम्म्या ताकदीनंच चाललं होतं. आणखी आठवडाभर घरी राहिली असती तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाला.

साडेतीनला ती मोठ्या सरांच्या खोलीत उभी राहिली. त्रेसष्ट कागद टेबलावर ठेवले आणि वहिनीचं सांगितलं. सरांनी ते उलटून पाहिले नाहीत, तेव्हाच तिला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे.

"बसा," सर म्हणाले. "तुम्ही हुशार आहात म्हणून स्पष्ट बोलतो. बायकांच्या हृदयासाठी जगात कुणी पैसा देत नाही. मी दहा वर्षं दारोदार फिरलोय. कुणी पाणी विचारलं नाही. आता कुठं एकानं दार उघडलं. आज हे बाहेर पडलं तर ते कायमचं बंद होईल, चारही देशांत. नुकसान कुणाचं? तुमचं-माझं नाही. तुमच्या वहिनींसारख्या बायकांचंच ना?"

यातलं बरंचसं खरं होतं. म्हणूनच तिला जास्त किळस आली. निव्वळ खोटं असतं तर तोंडावर थुंकता आलं असतं.

"साधा पडदा का नाही लावला, सर?"

"बजेटमध्ये पडद्याचं कलम नव्हतं."

"फलकांचं होतं?"

"प्रसिद्धीचं होतं," सर शांतपणे म्हणाले. मग आवाज मऊ करून म्हणाले, "वहिनींची काळजी करू नका. त्यांच्या उपचाराला एक पैसा लागणार नाही, मी जातीनं बघेन. तुम्ही फक्त सही करा."

खोलीत अत्तराचा वास होता, पाहुण्यांसाठी मारलेला. ती कागद उचलून बाहेर पडली आणि चौथा मजला चढून गेली.

वहिनी नळ्या लावून पडली होती. हिनं तिला सगळं सांगितलं: मामांचं हृदय, सरांचं बोलणं, फुकट उपचार. आणि मान खाली घालून म्हणाली, "दाढ आहे, असं मीच म्हणाले होते."

वहिनीनं जिभेनं गालाच्या आतली रिकामी जागा चाचपली.

"म्हणजे माझी दाढ चांगली होती?"

"चांगली होती."

"आणि बाकीच्या बासष्ट?"

"काय?"

"बासष्टजणी असतील ना आणखी? कपाटाला पत्र चिकटवून बसलेल्या? तुम्ही इथं माझे पाय काय दाबताय, वन्सं? जा ना खाली. माझ्या उपचाराचं तुमचे भाऊ बघतील, नाहीतर माझ्या बांगड्या आहेत."

सभागृहात चहा चालला होता. पाहुण्यांमध्ये पुढे होती एक पिकल्या केसांची, सपाट चपला घातलेली बाई. पैशाचा निर्णय तिच्या हातात होता. शेजारी तिची दुभाषी. मोठे सर पडद्यावर आकडे दाखवत होते, आणि 'आमच्या या भगिनी' म्हणताना त्यांचा गळाही दाटून येत होता. फासळीबाई मागच्या भिंतीला टेकून ऐकत होती.

सरांचं संपलं. टाळ्या झाल्या. पाहुणीनं काहीतरी विचारलं आणि दुभाषीनं हसून सांगितलं, "बाई म्हणतायत, या भगिनींपैकी एखादीला भेटता येईल का?"

"आज जरा अवघड आहे," सर म्हणाले. "लांब राहतात, घरकाम असतं—"

"येईल की," फासळीबाई मागून म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. ती टेबलापर्यंत चालत गेली आणि कागद पाहुणीच्या कपाजवळ ठेवले.

"एकीला कशाला? त्रेसष्टजणींना एकदम भेटता येईल. खाली गाडी पुसतोय. मिशा आहेत त्याला."

दुभाषीनं तोंड उघडलं आणि सरांकडे बघत तसंच मिटलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस, बाई? सांग. मिशांसकट सांग."

दुभाषीनं सांगितलं. फासळीबाईनं एकावर एक ठेवलेल्या कागदांवरचे कान बोटानं दाखवले, मग चारशे बाराचा खोटा कागद आणि त्याच्याशेजारी दोन तासांपूर्वी काढलेला खरा. पाहुणीनं दोन्ही उजेडाकडे धरून पाहिले. तिला ते वाचता येत होतं. तिचा चेहराच सांगत होता. सर तिच्या भाषेत घाईघाईनं बोलू लागले. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि फासळीबाईला काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," दुभाषी म्हणाली, "की आता तुम्हाला काय हवंय?"

"या सगळ्यांच्या घरी आजच माणसं पाठवा. पत्रं खोटी होती म्हणून सांगा, आणि खरे ईसीजी काढा. मी काढते, रात्रंदिवस काढते." तिनं मागचा फलक दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. खिळे निघून भिंतीवरची हसरी बाई पुठ्ठ्याच्या हृदयासकट खाली आली. फासळीबाईनं तिची घडी घातली, काखेत मारली.

"आणि हे मी नेतेय," ती म्हणाली. "पडद्याला होईल."